घाटावरचा नमुना

३ मार्च
बैठक. तळ्याच्या पाण्यात फॉस्फरस किती चालेल हा आकडा ठरवायला समिती नेमलीय. त्यात प्रयोगशाळेतली मी एकटीच. म्हटलं, पाणी हिरवं कधी व्हायला लागतं ते आधी बघू, मग आकडा लावू. अध्यक्ष कन्नडमध्ये म्हणाले, बहुतेक तळी पास होतील असा आकडा काढा. म्हणजे पोरं बघून पेपर काढायचा. चहा मात्र चांगला होता.

९ मार्च
आत्याकडे. जनवाड्याला बस बदलली. तिच्या गावच्या तळ्यावर हिरवा थर, दुधावर साय धरते तसा. वरच्या गावाचा नाला सरळ आत येतो. साबण, संडास, शेतातलं खत, सगळं त्यातून. वस्ती अजून हेच पाणी भरते. आत्याची म्हैस तळ्यावर पाणी पिऊन आली आणि संध्याकाळी मेली. नमुने घेतले. आकडा कडक लागला तर नाला साफ करूनच आत सोडावा लागेल. सैल लागला तर आहे तसंच. आत्याला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, आधी जेवून घे. तिच्या राहुलला स्थळं बघायचं चाललंय.

१४ मार्च
माझे नमुने चालणार नाहीत. एकटीनं घेतलेत म्हणे. समिती स्वतः जाणार, पंचायतीला निरोप गेलाय. बरंच झालं. डोळ्यांनी तरी बघतील.

१९ मार्च
जीपमधून उतरलो तर घाटावर रांगोळी. आणि पाणी स्वच्छ. मला आधी कळेचना.
आत्यानं आणि वस्तीतल्या बायांनी पहाटेच पाण्यात उतरून, जुन्या साड्यांची टोकं धरून थर ओढून काढला होता. टोपल्या भरभरून बाभळीमागं टाकलेला. होडी नव्हती, मग नमुना घाटावरूनच घेतला. फॉस्फरस सगळा त्या शेवाळात, आणि शेवाळ बाभळीमागं! अध्यक्षांना ढीग दाखवला. नमुना तो नमुना, म्हणाले, आणि नारळपाणी प्यायला गेले.
आत्याला बाजूला घेऊन विचारलं, कामून केलंस?
"साहेब यायलेत, आन् तळ्याचं तोंड तसंच ठिवायचं व्हय?"
पाहुणा येणार म्हणून अंगण सारवतात, तेवढंच तिनं केलं. गुडघ्यापर्यंत ओली, दमलेली, खूश होती. रागवायचं तरी कुणावर.

२७ मार्च
तळं पास. मसुद्यात सैल आकडा. हरकती ३० एप्रिलपर्यंत. ऑफिसात माझं अभिनंदन झालं, समितीत होते म्हणून. घरी येऊन दार लावलं आणि रडले. एवढं शिकून काय केलं मी.

२ एप्रिल
हरकत लिहायला घेतली. भक्कम मुद्दा एकच, नमुन्याआधी पाणी साफ केलं होतं. पण मी समितीतलीच, ते साफ करणारीनंच सांगायला पाहिजे. आत्याला फोन केला, सही देतेस का? म्हणाली,
"माझ्या सासूला त्या घाटावर पाय ठिवू देत न्हवते. आता कुठं घाट आपला झालाय, तर पाणी नासलंय म्हणून मीच सही करू व्हय? आन् मग राहुलला पोरगी कोण देईल गं?"
म्हशीचा विषय काढणार होते, नाही काढला.

११ एप्रिल
बाकीच्या बायांना विचारून बघितलं. आत्या म्हणेल तसं, म्हणाल्या. आत्याच्या सहीशिवाय हरकत लंगडी. अध्यक्ष हसतील. मासे मरून काठाला लागलेत असं कळलं. बायांनी उचलून पुरले, मुलीकडचे यायचेत म्हणून. आता काही होणार नाही असंच वाटतंय. जेवण नको झालंय.

२९ एप्रिल
आत्याकडे मुलीकडची माणसं घर बघायला आली. भालकीकडची. मला मुद्दाम बोलावलेलं, शिकलेली भाची आहे हे दिसायला. घाट पुन्हा साफ. आत्यानं सगळ्यांना तळं दाखवून आणलं. मुलगीही आली होती, हल्ली येतात. सावळी, धीट डोळ्यांची. बाकीचे बैठकीत असताना मागच्या दारी माझ्याजवळ आली.
"अक्का, तुमी पाण्याचंच काम करता म्हणं. ह्ये पाणी चांगलं हाय का? खरं सांगा, मलाच भरायचंय."
आत्या चुलीपाशी चहा गाळत होती. तिचा हात थांबला. मी मुलीला म्हटलं, बस. ती बसली. तेवढ्यात तिला बाहेरून हाक आली, ती उठून गेली. मला बरं वाटलं, याचीच लाज वाटते.
घरी पोचते तोवर आत्याचा फोन. होकार आला. आत्या रडत होती, आनंदानं.
हरकतीची मुदत उद्या संपते. त्या मुलीला काय सांगणार होते ते मलाही माहीत नाही.