कागदापुरता काडीमोड

१४ जून २०१३

घटस्फोट! एकोणीस वर्षांच्या संसारात हा शब्द भांडणातही निघाला नाही. अन् आज रायपूरच्या शंकर नगरात वकिलासमोर बसून हे म्हणतात — "मी ठरवलं."

कारण आजारच. ह्यांच्या मानेतल्या गाठी कॅन्सरच्या निघाल्या, तेव्हापासून दवाखान्यासाठी पैसे उचलणं सुरूच आहे. सगळं कर्ज ह्यांच्या नावावर. गुढ़ियारीचं घर मात्र दोघांचं. वकील म्हणे, "आपसी सहमति से तलाक लीजिए, मकान भाभीजी के नाम कर दीजिए." मग पैसेवाले घराले हात नाही लावणार.

"फक्त कागदावर, विनीता," हे ऑटोत म्हणाले. "तुह्या अन् पोट्टीच्या डोक्यावर छप्पर राहिलं पाहिजे."

मी मान हलवली. मले कोणी विचारलं होतं का? आठवत नाही.

३० जून

हे आज मोठ्या भावाकडे, नरहरी भाऊजींकडे, समता कॉलोनीत राहायले गेले. कोर्टाले वेगळं राहणं दिसलं पाहिजे म्हणे. तिथून दवाखानाही जवळ. बॅग मीच भरली. औषधं, लुंग्या, टोपी — केस गेले ना. ऑटो निघाला तशी फाटकाशी उभी राहून रडली. शेजाऱ्यांना खरंच वाटलं असेल.

२ जुलै

गाढ झोप लागली. काहून?

१९ जुलै

अर्ज दाखल झाला. 'एक वर्षापासून वेगळे राहतो' असं लिहिलंय. खोटं आहे. मी सही केली. घरही माझ्या नावावर झालं.

केमोच्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा घेते. ह्यांच्याजवळ बसते, उलटीचं भांडं धरते, पाठ चोळते. ते मनापासून करते — देवाची शपथ. अन् परत येताना गुढ़ियारीची गल्ली दिसली की छातीवरचं काहीतरी उतरते. टीव्ही बंद. भाजी कोणती करायची ते मी ठरवते. पगार झाला की कोणी हात पुढे करत नाही.

स्वरदा आज म्हणाली, "मम्मी, आजकल आप गाना गाती हो किचन में."

मेल्याहून मेल्यासारखं झालं! नवरा तिकडे सुया टोचून घेऊन राहिला अन् मी गाऊन राहिली!

हे वाईट नाहीत. कधी हात उचलला नाही, दारू नाही. फक्त सगळं तेच ठरवतात. माझी नोकरी, स्वरदाचं कॉलेज, पंख्याचा स्पीड. आता घटस्फोटही.

मग मले हलकं काहून वाटते? आजारी माणसापासून सुटली म्हणून? असं असेल तर थू माझ्यावर.

८ सप्टेंबर

कांताबाई आल्या होत्या. गल्लीच्या टोकाशी राहतात, एकट्या. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी बांगड्या मोडून आम्हाला पैसे दिले होते. कागद नाही, व्याज नाही.

उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "भास्करभैया म्हनते आता घर विनीताचं, माह्यापाशी काई नाही. मंग मी कोनाले मागू, बाई?"

मी म्हटलं, "कांताबाई, ते देणं त्यांच्या नावावर आहे."

माझ्याच तोंडून निघालं हे! वकिलाचं वाक्य!

"नाव पाहून नाही देल्ले मी. तुह्या डोयातलं पानी पाहून देल्ले." पाणीही न पिता गेल्या.

९ सप्टेंबर

समता कॉलोनीत गेली. म्हटलं, "कांताबाईंचे तरी देऊन टाकू. माझ्या पगारातून."

"एकाले दिले की सगळे येतील. तू यात पडू नको. मी ठरवलं ना!" बोलता बोलता खोकला सुरू झाला. मी पाणी दिलं. आजारी माणसाशी काय भांडायचं?

पण कांताबाई दिसल्या की मी आता दुसऱ्या गल्लीतून जाते.

२० जानेवारी २०१४

झालं.

जजसाहेबांनी विचारलं, "किसी दबाव में तो नहीं?" हे म्हणाले, नहीं. मग माझ्याकडे पाहिलं. मी पण म्हटलं — नहीं. आवाज चांगला मोठा निघाला.

बाहेर दोघांनी चहा-समोसा खाल्ला, लग्नाच्या वाढदिवसाले खातो तसा. "जमलं!" म्हणून हे हसले. मी पण हसली. बाजूचा वकील आमच्याकडे पाहतच राहिला.

आता इथे 'हे' लिहू की भास्कर?

५ मे

रिपोर्ट साफ!! डॉक्टर म्हणाले, गाठींचा मागमूस नाही. तपासणीले येत राहायचं, बस. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून हमसून रडली. स्वरदा माझ्या गळ्यात पडली. एवढा आनंद मले कधी झाला नव्हता. हे खरं आहे, लिहून ठेवते.

संध्याकाळी भास्करचा फोन. "रविवारी घरी येतो. पुढे कधी मंदिरात हार घालून घेऊ, पुन्हा लग्न! मी ठरवलं."

फोन ठेवला अन् निवडलेलीच भाजी पुन्हा निवडत बसली.

"आप खुश नहीं हो क्या?" स्वरदानं विचारलं.

"आहे ना."

"तो फिर?"

मी कुकर लावायले उठली.

८ मे

नवा रायपूरच्या बसमध्ये माझा स्टॉप निघून गेला. कळलंच नाही.

तब्येत बिघडली असती तर मी त्याले घरी आणलंच असतं, मरेपर्यंत केलं असतं. बरा झाला तर दार उघडायची इच्छा नाही. ही कोणती बाई आहे? घर त्यानंच दिलं. त्याच्याच घरात त्याले येऊ देणार नाही? अन् त्याचं कर्ज त्याच्याच गळ्यात?



११ मे, रविवार

सकाळीच कांताबाईंकडे गेली. सांगितलं — तुमचे पैसे मी देईन, दर पगाराले. बाकीच्यांचेही.

दुपारी भास्कर आला, बॅग घेऊन. पाणी दिलं. बसवलं. म्हटलं, "कर्ज दोघांचं. घटस्फोट मात्र खरा."