हातावरचं दही

काकी, तुझ्या हातचं दही सुरीने कापावं इतकं घट्ट लागायचं. माझं अजून पातळच होतं. तू म्हणशील, डब्यातल्या पावडरीच्या दुधाचं आणखी कसं होणार, गाय कुठाय तुझ्याकडे? तेही खरंच. पण आज सकाळी झाकण काढलं तर कधी नव्हे ते दही छान लागलेलं. चमचा रोवला तर उभा राहिला. कुणाला तरी दाखवावं म्हणून मागे वळले, तर स्वयंपाकघरात मी एकटीच. म्हणून लिहायला बसले आहे. शाळेत वर्षानुवर्षं मराठी शिकवून माझी भाषा आता पुस्तकी झाली आहे. तू ऐकली असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस. हसून घे.

आपल्या बेटावरच्या बों अक्योय गावाच्या टोकाला, ऊस सुरू होतो तिथे आपलं बालगृह होतं. पत्र्याचं छप्पर, मुलांची एक लांबच लांब खोली, मागे तुझं स्वयंपाकघर आणि त्याला लागून तुझी खोली. गावातल्या चार मोठ्या माणसांची कमिटी ते चालवायची आणि परदेशातली कुठलीशी संस्था थोडी मदत पाठवायची. कमिटी येऊन चहा पिऊन जायची, बाकी सगळं तुझ्या गळ्यात. तुला ठेवलं होतं स्वयंपाकाला. पण उवा काढायच्या तू, तापात उशाशी बसायचं तू, भांडणं सोडवायची तीही तूच. क्रेओल घरांतली, भोजपुरी घरांतली, तमिळ घरांतली मुलं तुला काकी म्हणायची आणि त्यातल्या बहुतेकांना ते तुझं नावच वाटायचं. मराठी घरातली मी एकटी. आई वारल्यावर माझ्या बापाने मला फाटकाशी आणून सोडलं. तो ऊस तोडायला जायचा. हंगाम संपला की येतो म्हणाला. हंगाम संपला, पुढचाही संपला. तू मला त्याबद्दल कधी काही खोटं सांगितलं नाहीस, हे मी विसरलेले नाही.

तुझ्या खोलीत दरवर्षी गणपती बसायचा, मातीचा, वीतभर. नदीवर न्यायच्या आधी तू त्याच्या हातावर चमचाभर दही ठेवायचीस. मी तुला विचारलं होतं, हे कशाला? तू म्हणालीस, “परत यावा म्हनून गो. दही घिऊन गेल्येलं मानूस वाट चुकत न्हाय.” आणि खरंच, पुढच्या वर्षी तो यायचा. तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाप फाटकावरूनच गेला होता. त्याच्या हातावर कुणी दही ठेवलंच नव्हतं, मग तो कसा येणार? हा हिशोब मी कुणाला सांगितला नाही, तुलासुद्धा नाही. पण त्या दिवसापासून दह्याच्या भांड्याकडे मी मोठ्या आदराने बघायला लागले.

मग ते पाहुणे यायला लागले. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती, बेटाच्या दक्षिणेला विमानं उतरत होती आणि त्यातून दर जुलै-ऑगस्टला, ऊसतोडणीच्या दिवसांत, फ्रान्सकडची पाच-सहा तरुण मुलं-मुली आपल्याकडे यायची. गरीब मुलांची सेवा करायला, असं कमिटीवाले सांगायचे. सकाळी ते आम्हाला चित्रं काढायला शिकवायचे, खेळ घ्यायचे, गाणी म्हणायचे. दुपारी भिंत रंगवायचे. तीच भिंत, दरवर्षी. एका वर्षी पिवळी, मग निळी, मग हिरवी. मी विचारलं, काकी, एवढी चांगली भिंत परत का रंगवतात? तू तांदूळ निवडता निवडता म्हणालीस, “अगो, लांबून आल्यात बिचारी. तेनला बी काय काम नको?” शनिवारी सकाळी फाटकात गाडी यायची. टोप्या, कॅमेरे, टॉवेल घेऊन ते बेट बघायला निघून जायचे. आम्ही उसाच्या कडेपर्यंत गाडीमागे पळायचो. मग दोन दिवस घर एकदम मोठं वाटायचं. सोमवारी ते लालबुंद होऊन परत यायचे, खिशात शिंपले, हातात पोस्टकार्डं.

ती माणसं वाईट नव्हती. मी आज हे मुद्दाम लिहिते, कारण आता तशा लोकांना नावं ठेवायची पद्धत पडली आहे. त्यांनी आम्हाला मनापासून जीव लावला. फक्त तो लावायला त्यांना एक महिना होता आणि सोडवायला आम्हाला वर्ष लागायचं.

पहिली मंडळी निघाली तेव्हा तू रिवाजाप्रमाणे प्रत्येकाच्या तळहातावर दही ठेवलंस. त्यांना मोठी गंमत वाटली, त्यांनी फोटो काढले. आम्हाला गंमत वाटली नाही. आम्ही निश्चिंत झालो. पुढच्या जुलैला गाडी आली आणि त्यातून सगळी नवीनच तोंडं उतरली. आपल्यातला सर्वांत लहान पोरगा एकेकाच्या चेहऱ्याकडे मान वर करून बघत फिरला आणि मग तुझ्याकडे येऊन म्हणाला, काकी, दही आंबट झालं होतं का? तू त्याला उचलून कडेवर घेतलंस. त्या वर्षी मंडळी निघाली तेव्हा तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. मी येऊन विचारलं तर भांडी घासत म्हणालीस, “येनार न्हाईत ती. पोरांना का म्हनून फसवू मी?” तेव्हापासून पाहुण्यांना दही बंद.

आणि मग एका जुलैला त्या पाहुण्यांत माझी मिस आली. लांब बोटांची, नाकावर तीळ असलेली. माझ्या केसांत तेल घालायला ती तुझ्याकडून शिकली. एका सोमवारी तिने भिंतीवर पोस्टकार्डं लावली. एकात तळं होतं आणि त्यावर काठ वळलेली मोठाली गोल पानं. मी क्रेओलमध्ये, आपल्या बेटाच्या बोलीत, विचारलं, मिस, हा कुठला देश? ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की मी खरंच विचारते आहे. तिचं हसू गेलं. म्हणाली, हे इथलंच, पांपलमूसची बाग, तुमच्याच देशातली, बसने जाता येतं. मी तुझ्याकडे बघितलं. तू दारात उभी होतीस, हातात पिठाची परात. तूसुद्धा ते पान पहिल्यांदाच बघत होतीस.

मिसच्या मांडीवर बसून मी एकदा म्हटलं, मला ने. ती माझे गाल ओढत म्हणाली, नेणार तर, बॅगेत घालून नेणार. तिने ते प्रेमाने म्हटलं होतं. मी ते शब्दशः घेतलं. तिच्या बॅगेत मी मावते का, हे ती नसताना बसूनही बघितलं. पाय पोटाशी घेतले तर मावत होते.

त्या सकाळची एकेक गोष्ट मला अजून दिसते. अंगणात गाडी उभी आहे, मुलं रडताहेत, मिस सगळ्यांचे मुके घेते आहे. आणि मी चांगला फ्रॉक घालून, दुसरा फ्रॉक तांदळाच्या रिकाम्या पिशवीत भरून, तुझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी आहे. मी तळहात पुढे करते. “काकी, दही दे.”

“कुटं निगालीस?”

“मिसबरोबर. विमानानं.”

तुझ्या हातातला डाव तसाच भांड्यावर राहिला. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. याहून लहान गोष्टींवर बसलेला होता. तू माझ्याकडे बघत राहिलीस. इतका वेळ कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं. मग पदराला हात पुसत बाहेर गेलीस. दाराच्या फटीतून मी बघत होते. तू मिसला बाजूला घेतलंस, काहीतरी बोललीस. तिने दोन्ही हात तोंडावर नेले. रडत ती स्वयंपाकघराकडे यायला निघाली, बहुधा मला समजावायला. तू आडवी उभी राहिलीस. तुझा आवाज चढला नव्हता. “आले, मामझेल,” एवढंच क्रेओलमध्ये म्हणालीस. म्हणजे, जा बाई. आणि ती गेली.

परत येऊन तू कोनाड्यातलं भांडं काढलंस आणि माझ्या तळहातावर दही ठेवलंस. मी चाटून घेतलं. तू पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसलीस, चुलीवरची डाळ मोठ्या मुलीवर सोपवलीस, चार फराटे, आपल्या त्या घडीच्या पोळ्या, आणि लिंबाचं अचार फडक्यात बांधलंस, आणि मागच्या दाराने मला घेऊन निघालीस. गाडी पुढच्या फाटकातून गेली, आपण मागून उसातल्या वाटेने बसच्या थांब्यावर. मला वाटलं, हीच विमानाची वाट. विमानतळ दक्षिणेला आहे आणि आपण उत्तरेकडच्या बसमध्ये बसलो, हे नकाशा वाचायला शिकल्यावर मला कळलं.

एक बस बदलून आपण उतरलो तर समोर ती बाग. आणि ते तळं, पोस्टकार्डातलं, अगदी तसंच. तू काठावर उभी राहिलीस. “आयो,” म्हणालीस. “येवडी परात आसती तर समद्यांचं पीट येकदाच मळलं आसतं.” मी हसले. मग विचारलं, विमान कुठाय? तू गवतावर बसलीस आणि मला समोर बसवलंस. म्हणालीस, “इमान गेलं, मो पिती, माज्या लेकरा. मिस गेली. ती मस्करीनं बोललेली. लबाड न्हाय ती, पर तुला न्यायची न्हवती.” काकी, मी तुझ्या हाताला कडकडून चावले. तू हात ओढून घेतला नाहीस. “चाव,” म्हणालीस, “पर मग जेव.” मी पोटभर रडले आणि मग जेवले. अचार तिखट होतं म्हणून डोळ्यांतून पाणी येतंय असं मी सांगितलं आणि तू ते मान्य केलंस.

संध्याकाळी आपण फाटकात शिरलो तेव्हा मुलं धावत आली. तो सर्वांत लहान पोरगा मला हात लावून बघत होता. त्याने विचारलं, काकी, हिला दही दिलं होतं? तू म्हणालीस, “दिल्लं तर. म्हनून आली न्हवं का.” मिस गेल्याचं दुःख होतं, ते पुढे बरेच दिवस होतं. पण बाप सोडून गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी जाऊन परत आलं होतं, आणि ते कुणीतरी मी होते.

त्यानंतर तू कमिटीच्या मागे लागलीस, पोरांनाही बेट दाखवा म्हणून. पाहुणे त्यांच्या गाडीने फिरायला जात, आणि सवड मिळेल त्या रविवारी एखादा ट्रकवाला आम्हाला समुद्रावर नेई, एकदा पोर्ट लुईला बोटी बघायला नेलं. तू ट्रकमध्ये हौद्याला धरून उभी आणि तुझा पदर वाऱ्यावर. आपलंच बेट तू आमच्याबरोबर बघितलंस. मुलं मोठी होऊन कामाला, लग्नाला बाहेर पडली, तेव्हा प्रत्येकाच्या हातावर दही ठेवलंस, आणि गणपतीला ती येत राहिली, आपापली पोरं घेऊन.

तेव्हा तू ती गोष्ट सांगायचीस. दरवर्षी, मोदकांची ताटं फिरत असताना. “हीच ती. मला सोडून विलायतेला निगालेली. वर माज्याकडंच दही मागतेय!” सगळे हसायचे, तूही हसायचीस. मग चुलीकडे वळून उगीच लाकडं सारखी करायचीस. सगळ्यांना ती गंमत होती. तुझ्या मनाला ते लागलं होतं, हे मला दिसायचं. तुझ्याजवळ मीच राहिले होते, शिकले, नोकरीला लागले, रात्री तुझे पाय चेपत होते, तरी ते लागलेलंच होतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा तू गेलीस. तुला अंगणात ठेवलं होतं. मी स्वयंपाकघरातून दह्याची वाटी घेऊन आले. शेजारच्या म्हातारीने माझं मनगट धरलं. “आसं करू नये, बाय. गेल्येल्या मानसाला मागं वडू नये.” मी वाटी खाली ठेवली. तिचं बरोबरच होतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि चुलीत घालावं तर आता चूलही नाही. मराठीच्या जुन्या वह्यांत राहील कुठेतरी. पण एक सांगते, जे तुझे पाय चेपताना रोज ओठांवर यायचं आणि तू गोष्ट इतकी रंगवून सांगतेस तर कशाला मोडा, म्हणून मागे जायचं. मला मिसबरोबर जायचं होतं, हे खरं आहे. पण जायला काही लागत नाही, काकी. बाप गेला, त्याला काही लागलं नाही. दही लागतं ते परत येणाऱ्याला, हे तूच मला शिकवलं होतंस, आणि मला ते चांगलं ठाऊक होतं. मी तुझ्यापुढे हात केला तो मला परत तुझ्याकडे यायचं होतं म्हणून.