संडासाच्या भांड्यावरचे ओरखडे

आई, परवा दादानं आपला संडास फोडला. नव्या फरशा आणि नवं भांडं बसवायचं म्हणून. तुला जाऊन सतरा वर्षं झाली, तरी तू आणलेलं ते पांढरं भांडं तिथंच होतं, आणि ते निघताना पाहायला मी खाप्याहून मुद्दाम बसनं आले. दादाला वाटलं, बहिणीला माहेरची माया. वहिनी नुसती हसली.

ते भांडं आलं तो दिवस मला अजून दिसतो. मैल्याच्या टोपलीचा जुना संडास एकदाचा गेला होता. सीताबर्डीच्या दुकानातून तू ते तणसात गुंडाळून सायकलरिक्षात घातलंस आणि स्वतः त्याला धरून बसलीस, एखाद्या नवरीला घेऊन यावं तशी. शेजारच्या काकू पाहायला आल्या, तर तू त्यांना चहा केलास. संडास पाहायला आलेल्या बाईला चहा पाजणारी तूच. पण आपल्या विहिरीचं पाणी जड होतं. त्यात तुरीची डाळ शिजत नसे, म्हणून स्वयंपाकापुरतं नळाचं भरून ठेवायचो आणि बाकी सगळ्याला विहिरीचं. वर्षभरात भांड्यावर क्षाराचा थर चढला, आधी पांढरा, मग पिवळा, मग दगडासारखा. तू राख लावलीस, धुण्याचा सोडा लावलास, नारळाची शेंडी घेऊन कंबर मोडेस्तोवर घासलंस. थर जागचा हलला नाही.

मला पाहायला खाप्याचे लोक येणार होते तो आठवडा आठव. त्यांच्यातली एखादी बाई मागं संडासाकडे गेली तर काय म्हणेल, याच काळजीनं तुला जेवण जात नव्हतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. संत्र्याच्या सरबतासाठी भिजवलेलं निंबूसत, लिंबाचं ते आंबट सत्त्व, एकदा माझ्या हातून बंबाच्या तोटीवर सांडलं होतं आणि तिथला पांढरा क्षार फसफसून सुटलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. मी तुझ्याजवळ येऊन म्हटलं, "आई, भांड्यात निंबूसत टाकून पाहू काय?" तू पीठ मळत होतीस. तशाच हातानं माझ्या पाठीत धपाटा घातलास. "काहून वं, खायाची वस्तू तिथं टाकते? लाज नाही वाटत तुले?" स्वयंपाकघरातली कोणतीही चीज त्या दाराच्या पलीकडे जायची नाही, हा तुझा कायदा. मग मला विटेचा तुकडा देऊन दोन तास घासायला बसवलंस. पाहुणे आले, पोहे खाऊन गेले, मागं कोणी फिरकलंसुद्धा नाही, आणि माझं लग्न ठरलं. पाठीवर कणकेची खूण असलेलं ते परकर-पोलकं मी पुढे कितीतरी दिवस धुतलं नव्हतं, इतकी मी तुझ्यावर रागावले होते.

दोन वर्षांनी वहिनी आली. कुहीकडच्या खेड्यातली, धानाच्या बांध्यांत वाढलेली. आपल्या घरात पाऊल टाकेपर्यंत तिनं असलं भांडं पाहिलेलं नव्हतं. त्या दिवाळीत मी माहेरी आले, मागं गेले, आणि दारातच थबकले. भांडं दुकानातून आणलं त्या दिवसासारखं पांढरं. तू मला ओढत नेऊन वहिनीनं काय केलं ते सगळं समजावून सांगत होतीस, जसं काही मीच नवी सून होते. आधी डबड्यानं आतलं पाणी काढायचं. कोमट पाण्यात निंबूसत विरघळवायचं, त्यात जुन्या लुगड्याच्या चिंध्या भिजवून थरावर चिकटवायच्या. उकळतं पाणी घ्यायचं नाही, भांडं तडकतं. मग दुपारभर कोणी तिकडे जायचं नाही, दादा कितीही येरझारा घालो. संध्याकाळी ब्रश फिरवला की थर सुटून येतो. निंबूसत, आई! मी तुझ्या तोंडाकडे पाहत राहिले. आता आठवेल, मग आठवेल.

तेवढ्यात काकू आल्या आणि तू त्यांना म्हणालीस, "पाहा नं, माही पोरगी इथंच वाढली. तिले कधी सुचलं काय? हे खेड्यातून आली, अन् महिन्याभरात भांडं चमकवलं. हातच तसा आहे तिचा." मी चिवड्याची ताटली धरून उभी होते. तुला आठवलंच नाही. तू खोटं बोलत असतीस तर मी भांडले असते. पण तू खरंच विसरली होतीस, आणि माझी ती गोष्ट आता तिची झाली होती. मला वहिनीचा हेवा वाटला, इतका की तिच्या हातचा चिवडा मी तसाच डब्यात परत ओतला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघी भाऊबीजेचं कापड घ्यायला सीताबर्डीला गेलात. मी मागं गेले. पार आत, पाणी पडतं तिथं, नखाएवढा चट्टा राहिला होता. तो पाहून मला झालेला आनंद सांगण्यासारखा नाही. मी स्वयंपाकघरातून सराटा आणला, तुझा भाकरी उलटायचा लोखंडी सराटा, आणि खरवडलं. चट्टा निघाला तरी थांबले नाही. चकाकी जाऊन करड्या रेघा उमटेपर्यंत खरवडत राहिले. मग सराटा खरकट्या भांड्यांत टाकून दिला.

संध्याकाळी तुझ्या नजरेला त्या पडल्याच, आणि तू वहिनीवर धावलीस. "खरवडलं काय वं तू? सारी चकाकी घालवली नं! खेड्यातली ते खेड्यातलीच!" वहिनी एकदाच म्हणाली, "नाही आई." त्यानंतर दर महिन्याला थर आधी त्या ओरखड्यांतच धरायचा, आणि सुनेनं भांडं बिघडवलं हे तू शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलीस.

परवा मजुरानं भांडं अंगणात आणून ठेवलं. वहिनीनं त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "ताई, त्या दिवशी खरकटी भांडी घासताना सराटा माह्याच हाती आला होता. टोकाले पांढरी पूड होती."

"मग आईले सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही दोन दिवसांच्या पाहुण्या. मायलेकीत मी कायले पडू?"

तिचा हा चांगुलपणासुद्धा मला सहन झाला नाही. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत निघून गेले.

हे पत्र कुठं पाठवणार? वहिनीच्या हाती लागायच्या आत बंबात घालीन. तिची माफी मागायला हवी होती, ती काही मी मागितली नाही. पण तुला एक सांगते. त्या संध्याकाळी तू तिला बोलत होतीस, तेव्हा मी मधल्या दाराआड उभी राहून ऐकत होते. मला फार बरं वाटलं होतं, आई. अजूनही आठवलं की थोडं वाटतं.