हीटरपाशी ठेवलेले जीव

नैनिताल, डिसेंबर २००६

प्रिय आई, जयभीम.

मी मजेत आहे. बदलापुरात सगळ्यांना सांग, मी मासे पकडत नाही. तळ्यातले बारीक जीव किती श्वास घेतात, ते मोजते.

पाणी कोमट झालं की ते भराभर श्वास घेतात. काल बोटं वाकेनात म्हणून हीटर लावला. शेजारच्या बंद बाटल्यांमधल्या जीवांनी सगळा ऑक्सिजन संपवला आणि बिचारे मेले.

प्रयोगशाळेतले सर ओरडले, "इनको ठंड लग रही थी क्या?"

म्हटलं, "नहीं सर, मुझे."

ते हसले, स्वतःचं जॅकेट दिलं आणि प्रयोग पुन्हा करायला लावला. मला थंडीने थोडा खोकला झालाय, पण किरकोळच आहे.

पप्पा फोनवर "बरा आहे" म्हणताना धापा टाकतात. त्यांना डॉक्टरकडे ने. ऐकलं नाही तर अंबरनाथच्या आत्याला बोलाव. तिच्यापुढे ते श्वाससुद्धा विचारून घेतात.

तुझीच,
करुणा