ओरडायचं नाही

८ फेब्रुवारी १९६१
डॉक्टर आले. मुंबईला छाती कापली तेव्हा वाटलं, सुटले. आता तोच कॅन्सर मणक्यात उतरलाय म्हणतात. मॉर्फियाची सुई मागितली. "सवय लागेल, बाई." सवय! मरायला टेकलेल्या बाईला सवय लागून तुमचं काय जाणार? एवढी वर्षं शाळेत शिकवलं, पण इतका ठोंब्या पोरगा पाहिला नाही.

भावजय पार्वती दारातूनच म्हणाली, "आक्कानू, आरडू नकात. शेजारी आयकतत."

९ फेब्रुवारी
ओरडले.

१४ फेब्रुवारी
उद्या सावंतवाडीचे लोक पद्माला बघायला येणार. पद्मा म्हणजे माझ्या भावाची, गंगारामची एकुलती. घरात हा रोग आहे कळलं तर पोरगी कोण करील? रक्तातून उतरतो म्हणतात. गंगाराम स्वतः डॉक्टरांकडे गेला, पाया पडला म्हणे. माझ्यासाठी नाही — माझं तोंड बंद करायला.

१५ फेब्रुवारी
सुई! कंपाउंडर गणपतने दिली. जराशाने पाठ कुठे आहे तेच कळेना. समुद्र ऐकू आला — इतके दिवस नुसती मीच मला ऐकू येत होते. गंगाराम पाहुण्यांना सांगत होता, "आक्कांना संधिवात आहे." अगदी कचेरीतल्यासारखं शुद्ध!

पद्मा पसंत. नवरा बिजवर, चाळिशीचा. पहिली विहिरीत गेली. पडली की उडी घेतली, कोणी विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी
दुखणं परत. कुणी करवतीने कापतंय असं. सुई मागितली.
गंगाराम म्हणतो, "आता कोण येवचो आसा?"

२ मार्च
समजलं! माझ्या ओरडण्याला किंमत आहे. पार्वतीला म्हटलं, रोज सुई नाही मिळाली तर साखरपुड्याला अशी बोंबलेन की बंदरावरचे लोक धावत येतील. पांढरी पडली. संध्याकाळी गणपत हजर.
लाज वाटली का? नाही.

११ मार्च
उद्या साखरपुडा. पद्मा पाय चेपत बसली होती. एकाएकी पाय घट्ट धरले.
"आते, उद्या ते इले की बोंब मार. मोठ्यान. तुझो रोग कळलो की ते परत जातीत. तेच्या पयल्या बायलेन उडी मारल्यान, आते. माका थय जावचा नाय."
मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ओरडेन," म्हटलं.

१२ मार्च
सुई घेतली. गप्प राहिले.
ओटी भरत होते तेव्हा पद्मा माझ्या दाराकडे बघत होती. दार उघडं होतं. मी डोळे मिटले. ओरडता आलं असतं — सुईने पाठ बधिर होते, गळा नाही. पण मग उद्याची सुई कोण देणार होतं?

१३ मार्च
पद्मा पाय चेपायला आली नाही.

७ मे
लग्न लागलं. वाजंत्री थेट माझ्या मणक्यात वाजत होती. निघताना पद्मा आत आली, वाकून नमस्कार केला. तोंडाकडेही पाहिलं नाही.

संपलं. आता मी ओरडले काय, न ओरडले काय, कुणाचं काही बिघडत नाही. उद्यापासून सुई बंद. बरं झालं! असंच व्हायला हवं माझं.

८ मे
सकाळी गणपत आला. सुई उकळत ठेवली. म्हटलं, तुला आता कोणी पाठवलं?

"पद्मान. लग्नाआधी बापाशीक सांगितल्यान, आतेक शेवटपर्यंत रोज सुई मिळाक व्हयी, तरच मी बोवल्यार चढतंय."

मी दंड पुढे केला.