कारवीच्या मुळाशी आलेला वास

मोशी, ८ ऑगस्ट

तीर्थरूप आबांना दीपमालाचा नमस्कार.

सावलीमुळे कारवी पिवळी पडली असं मी लिहिलं, ते चुकलं. तिला सावली मानवते. यंदा निळी फुलंही धरली असती. तुम्ही शिकवलंत तशी मुळाची माती हुंगली, तर ऑइलचा वास आला. आमची बोअर तिथून दहा पावलांवर आहे. तुमचा नातू तेच पाणी प्यायलाय.

शेजारच्या वर्कशॉपवर संशय होता. हे तिथेच कामाला आहेत, म्हणून यांना विचारलं.

"जळक्या ऑइलचे डबे मीच ओततो गं. मालकानं सांगितलंय. गप राहा."

आबा, मला फार भीती वाटते.

कालपासून प्यायला विकतचा पाण्याचा जार आणते. समर्थ खेळतोय, काळजी नसावी. आईचा गुडघा कसा आहे?

तुमची,
दीपमाला

ता. क. यांना सांगूनच बोअरच्या पाण्याची बाटली तपासायला महापालिकेत नेणार आहे, वर्कशॉपच्या सुट्टीला, गुरुवारी, तेरा तारखेला.