एक्केचाळिसावी खोली

ओलोमोउत्स, ३ मार्च

प्रिय ओल्डा,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. अकरा पानं! अरे, उभ्या जन्मात तू तोंडातून सलग अकरा शब्द काढले नाहीस, आणि आता एकदम अकरा पानं, तीही दोन्ही बाजूंनी. मी ती स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचायला घेतली आणि दुसऱ्या पानावर खुर्ची ओढून बसले. सूप उतू गेलं. तेव्हापासून चार वेळा वाचून झालंय. उत्तर टपालानं पाठवलं तर कॅनडात पोचेपर्यंत पंधरा तारीख उलटून जाईल, म्हणून लिहून झालं की माझा मुलगा या पानांचे फोटो काढून तुला फोनवर पाठवेल. त्याला शपथ घातली आहे, की एक ओळही वाचायची नाही. पंधरा तारखेच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं. त्या दिवशी तू हॅमिल्टनच्या घराच्या कागदांवर सही करणार, घर विकणार आणि ईस्टरला इथं कायमचा राहायला येणार. आपण दोघं म्हातारे एकाच गल्लीत राहू, संध्याकाळी फिरायला जाऊ, असं तू लिहिलंयस. सही करण्याआधी माझं ऐक.

पावलीनानं मला सगळं सांगितलं होतं, तुझ्या पत्राच्या आधीच. चांगली बाई आहे, चाळिशीची असेल, पण आपल्या त्या जुन्या कॉम्प्युटर-खेळांच्या कॅसेटींवर असा जीव लावते की मला संकोच वाटतो. घर आवरताना बुटांच्या खोक्यात तुझ्या सहा कॅसेटी सापडल्या, त्या मी तिच्या संग्रहाला दिल्या. पाच खेळ तिनं आठवड्याभरात सोडवले. सहावा मात्र काही केल्या सुटेना. ट्रामच्या आगारात कोंडलेला माणूस, चाळीस खोल्या, आणि शेवटच्या फाटकावरची ती राखणदार बाई. तिला नाणं दिलं की ती म्हणते, 'ही घे किल्ली.' आणि ‘किल्ली घे’ असं टाइप केलं की पडद्यावर उत्तर येतं, 'इथे किल्ली नाही.' पावलीनानं तीन महिने डोकं फोडून घेतलं आणि शेवटी तुझा प्रोग्राम ओळीओळीनं वाचून काढला. किल्ली तू एक्केचाळिसाव्या खोलीत ठेवली होतीस. खोल्या चाळीसच. एका आकड्याची चूक, आणि किल्ली अस्तित्वातच नसलेल्या खोलीत जाऊन पडली. तू शेवट तपासलास तो किल्ली आधीच हातात घेऊन, फाटकापासून पुढं. पहिल्या खोलीपासून स्वतःचाच खेळ कोण खेळतं? पावलीना म्हणाली, ही चूक खेळ लिहिणाराच करू शकतो, खेळणारा कधीच नाही.

मग तिनं तो आकडा दुरुस्त केला, फाटक उघडलं आणि शेवटचा मजकूर वाचला. मला फोन केला तेव्हा ती रडत होती. तिनं मला तो वाचून दाखवला. बारा ऑगस्ट, ब्रातिस्लाव्हा, मुख्य स्टेशन, सकाळी अकरा वीस, बुडापेस्टची गाडी. तिथून पुढं समुद्र. समुद्रावरून मी परत येणार नाही. पासपोर्ट आण आणि एकच पिशवी. यायचं नसेल तर हा खेळ तुला सुटला नाही असं मी समजेन आणि कधीच विचारणार नाही. 'व्लास्ताबाई, तुम्हाला बिचारीला हे कळलंच नाही हो,' असं ती म्हणत राहिली. तिचे आभार मानून मी घाईनं फोन ठेवला. तिला वाटलं, मला धक्का बसलाय.

आणि मग तिनं तुला शोधून काढलं, आणि तू ही अकरा पानं लिहिलीस. तू माफी मागितली आहेस. किती वेळा मागितली आहेस ते मोजलं नाही, मोजवेना. एका आकड्यापायी मी तुझं आणि माझं आयुष्य घालवलं, असं तू लिहितोस. आणि पुढच्याच पानावर लिहितोस की छत्तीस वर्षांत पहिल्यांदा तुला शांत झोप लागली, कारण मी तुला नाही म्हटलं नव्हतं. ओल्डा, हे दोन्ही वाचून मी काय करावं तूच सांग.

मला तो पहिला दिवस आठवतो. अग्निशमन दलाच्या डोक्यावरची ती आपल्या कॉम्प्युटर क्लबची खोली. खाली भोंगा वाजला की वर कॅसेटचं लोडिंग बिघडायचं आणि सगळे एकदम शिव्या द्यायचे. मी छापखान्यात मुद्रितं तपासायची, आणि योझ्कानं मला का आणलं तर तुझं लिहिणं सुधारायला. योझ्का म्हणजे आपला क्लबप्रमुख, पोट केवढं आणि आवाज केवढा! 'ही व्लास्ता,' तो म्हणाला, 'हिच्या लाल पेन्सिलीला मंत्रीसुद्धा घाबरतात. आणि हा ओल्डा. हा बोलत नाही, हा थेट छापतो.' तू मान वर केली नाहीस. हातातल्या छोट्या पेचकसानं टेपरेकॉर्डरचं हेड सरळ करत राहिलास. मी तुझे कागद चाळले आणि म्हटलं, 'अरे देवा, इथं अंधार आहे, हे नऊ वेळा लिहिलंय! अंधाराचे काही प्रकार असतात की नाही? आणि तुझ्या खेळात माणूस चहा प्यायला तरी मरतो, हा काय प्रकार आहे?' तू खूप वेळानं म्हणालास, 'चहा त्याचा नव्हता.' बस, तेवढंच. मी घरी जाईपर्यंत हसत होते.

त्या खेळांत चित्र नव्हतं, रंग नव्हता, नुसते शब्द. तू उत्तरेला जा म्हटलं की उत्तरेला जायचं, दिवा घे म्हटलं की दिवा घ्यायचा. पण तुला जे काही बोलायचं असे ते त्याच शब्दांत असायचं. दुसऱ्या खेळात मी सिनेमागृहाच्या खोलीत पोचले तर तिथं लिहिलेलं होतं, 'इथे व्लास्ता उभी आहे. शनिवारच्या खेळाचं तिकीट तिच्याकडे नाही. तुझ्याकडे दोन आहेत.' मागं सगळा क्लब श्वास रोखून उभा. मी टाइप केलं, तिकीट दे. योझ्का असा ओरडला की खालून अग्निशमनवाले बघायला वर आले. शेजारच्या खुर्चीत बसून तुला हे तोंडानं विचारता आलं नसतं का? नसतं आलं. ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि त्यासकट तू मला आवडला होतास.

आणि तो फळा आठवतो? प्रोग्राम मधेच थांबवून आतला मजकूर चोरून वाचणं म्हणजे आपल्याकडे महापाप. म्हणून तर तुम्ही सगळे मजकुराची अक्षरं ठरावीक घरं पुढं सरकवून ठेवायचात, कुणी डोकावलं तरी वाचता येऊ नये. जो सापडेल त्याचं नाव महिनाभर फळ्यावर, 'डोकावला' असं लिहून, आणि वर सगळ्या क्लबाला बिअर आणि आपलं ते वासाचं चीज. योझ्काचं नाव दोनदा लागलं. माझं एकदाही नाही. सर्वांत कडक मीच होते. 'सुटत नसेल तर सुटत नाही म्हणावं माणसानं,' असं मी सगळ्यांना सुनवायची. काय तोरा होता माझा!

सत्त्याऐंशीच्या वसंतात तू माझ्याकडून युगोस्लाव्हियाला जायच्या सरकारी परवानगीचा अर्ज भरून घेतलास. 'मिळाली तर समुद्र बघू,' म्हणालास. दोघांनाही मिळाली. जुलैत तुला तीन आठवड्यांच्या लष्करी सरावाला बोलावलं. जायच्या आदल्या दिवशी तू ती सहावी कॅसेट माझ्या हातात ठेवलीस. 'ऑगस्ट लागेपर्यंत संपव. नाही संपली तरी काही बिघडत नाही.' तुझे कान लाल झाले होते. मला वाटलं, लग्नाचं विचारलं असेल शेवटच्या खोलीत. सरावातली पत्रं उघडून वाचतात हे तुला ठाऊक होतं, म्हणून तू तिकडून काहीच लिहिलं नाहीस, आणि बारा तारखेला परस्पर स्टेशनवर गेलास. आणि तिथून पुढं. समुद्र, इटली, निर्वासितांची छावणी, कॅनडा. तुझं लग्न, तुझी मुलगी, तुझा काडीमोड. माझा यारोमिर, माझा मुलगा. यारोमिर भला माणूस होता, त्याच्याबद्दल माझी कसलीच तक्रार नाही. तो जाऊन सहा वर्षं झाली.

नव्वद सालच्या नव्या वर्षाला तुझं कार्ड आलं होतं. बर्फाचं चित्र, आणि एकच ओळ, 'खेळ संपवलास का?' कधीच विचारणार नाही म्हणाला होतास, आणि अडीच वर्षांत विचारलंसच. मी उत्तर पाठवलं, 'नाही जमलं.' ती दोन शब्दांची चिठ्ठी तू अजून जपून ठेवली आहेस, हे वाचून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तू लिहितोस, इतकी वर्षं मला वाटत होतं की हा सभ्य नकार आहे, आणि आता कळतंय की ते साधं सरळ सत्य होतं, मीच गाढव. ओल्डा, तू गाढव नाहीस. तू पहिल्यांदा समजलास तेच बरोबर होतं.

जुलैत क्लबातले सगळे सुटीवर होते, क्लबच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. चार दिवस मी त्या राखणदार बाईपुढं बसले. नाणं देऊन झालं, दिवा देऊन झाला, हात जोडून झाले, शिव्या टाइप करून झाल्या. पाचव्या दिवशी मी उठून दाराला आतून कडी लावली आणि प्रोग्राम थांबवला. हो, मीच. तुझी अक्षरं किती घरं सरकवलेली असतील हे शोधायला मला पंधरा मिनिटं लागली. तुझ्या प्रत्येक खोलीचा मजकूर 'इथे' नं सुरू होतो हे तुझं लिहिणं तपासणाऱ्या माणसाला माहीत असणारच. मी शेवटचा मजकूर कागदावर उतरवला, वाचला आणि तो कागद क्लबच्या शेगडीत जाळला. जुलैच्या अठ्ठावीस तारखेला मला सगळं कळलं होतं. तारीख, गाडी, पिशवी, सगळं.

कारणं माझ्याकडे भरपूर आहेत. आईचा पाय. धाकट्या भावाची, मिरेकची डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा. त्या राजवटीत बहीण देश सोडून पळाली तर त्याला दारातही उभं केलं नसतं, आणि आज तो इथल्या इस्पितळात मुलांचा डॉक्टर आहे. सगळी कारणं खरी आहेत. लोकांना सांगितली तर लोक मान हलवतील. पण तुला खोटं सांगून आता मी कुठं जाऊ? मला भीती वाटली. मला माझी भाषा सोडायची नव्हती, माझी लाल पेन्सिल सोडायची नव्हती. तुझ्याबरोबर परक्या देशात राहायचं, आणि तू तर बोलतच नाहीस. मग माझ्याशी बोलणार कोण, हाही विचार आला. लाज वाटते, पण आला. आणि तू मला नाही म्हणण्याचा त्रासही ठेवला नव्हतास. नुसतं गप्प बसलं की झालं. इतक्या मायेनं कुणी कुणाला पळवाट करून दिली नसेल, आणि मी त्या वाटेनं गेले. पुढं नव्वद साली दोन शब्द खोटे लिहिले. आणि या हिवाळ्यात तुझी चूक सापडली म्हटल्यावर, देवाशपथ सांगते, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. आता कुणाला कधीच कळणार नाही, असं वाटलं.

तसंच राहू दिलं असतं. तुला शांत झोप लागते आहे, ती मोडायचा मला काय अधिकार? दोन दिवस हाच विचार केला. पण तू माझ्यासाठी घर विकायला निघाला आहेस, आणि ज्या बाईसाठी निघाला आहेस ती बाई नव्हतीच रे कधी. तिला निरोप मिळाला नव्हता. मला मिळाला होता. म्हणून हे पत्र. एक्केचाळिसाव्या खोलीपायी काहीही बिघडलं नाही. तुझा आकडा बरोबर असता तरी हेच झालं असतं. पावलीनालाही मी उद्या सांगणार आहे. माझं नाव फळ्यावर लिही, म्हणणार आहे.

अजून एक राहिलं, ते सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. बारा ऑगस्टला मी ब्रातिस्लाव्हाला आले होते. पिशवी घेऊन, पासपोर्ट घेऊन. पलीकडच्या फलाटावर, वर्तमानपत्रांच्या टपरीमागं उभी होते. सैन्यानं तुझे केस पार कापले होते, कान उघडे पडले होते. तू बाकावर बसला होतास. कागदात बांधलेले दोन पाव होते तुझ्याजवळ. एक तू खाल्लास, दुसरा पुन्हा नीट गुंडाळून ठेवलास. दर मिनिटाला तू जिन्याकडे बघत होतास, माझ्याकडे एकदाही नाही. मला वाटत होतं, याची नजर इकडं वळली तर मी जाईन. हाक मारायला तोंड उघडलं होतं. नाही मारली. गाडी आली, तू उठलास, तो दुसरा पाव बाकावरच ठेवलास, आणि चढलास. गाडी दिसेनाशी झाल्यावर मी पूल ओलांडून त्या बाकावर येऊन बसले. पावात सलामी सॉसेजचे काप होते, आणि काकडी. मला काकडी आवडते म्हणून. तो पाव मी सगळा खाल्ला, ओल्डा, आणि घरी परत आले.

तुझीच,
व्लास्ता